शार्क टँकला ‘५० लाख, ५ टक्के’ सांगावं का?

रातांबा_कुडाळ: आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) आणि अमृत कोकम (साखरेच्या पाकातलं सरबत) यांचा धंदा, प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या नावावर. वर्षाची विक्री ४० लाख, सगळं वजा जाता ४ लाख उरतात. शार्क टँक इंडियाला, म्हणजे गुंतवणूकदार पैसे देऊन धंद्यात हिस्सा घेतात त्या टीव्ही शोला, अर्ज करायचाय. ५० लाखांना ५ टक्के हिस्सा हा आकडा टिकेल का? नेमकं अडकवतात कुठे?

खातेवही: इथेच. ५० लाख म्हणजे ५ टक्के, तर अख्खा धंदा १० कोटींचा झाला. विक्रीच्या २५ पट, नफ्याच्या २५० पट! शिवाय प्रोप्रायटरशिपमध्ये द्यायला शेअरच नसतात. आधी प्रायव्हेट लिमिटेड करा. ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर घ्या, अन्न परवानाही कंपनीचाच लागेल. १०,००० शेअर असतील तर ५ टक्क्यांसाठी ५०० नव्हे, ५२६ नवे काढावे लागतात. नवे आले की एकूणही वाढतात, हे भलेभले विसरतात.

झारापकर: आधी बाटलीचो हिशोब कर, मगे टीव्हीवर जा. ७०० मिलीची एमआरपी २०० धर. दुकानदाराचे २५ टक्के गेले, राहिले १५०. त्यावर वितरकाचे १० टक्के, राहिले १३५. यातूनच जीएसटी, काच, झाकण, लेबल, खोका आणि मुंबईपर्यंतची फुटतूट. ऑनलाइन विकलीस तर काचेसकट किलोवर वजन जातं, कुरिअरच मार्जिन खातं. बाटलीमागे किती सुटतात ते तोंडपाठ हवं.

दुसरा प्रश्न ठरलेला: दहापट माल कसा काढणार? रातांबे (कोकमाची फळं) एप्रिल ते जून, आणि पाऊस लागला की साल उन्हात सुकत नाही. घाईत साखर नीट मुरली नाही, पाक ६५ ब्रिक्सच्या (शंभर ग्रॅममध्ये साधारण ६५ ग्रॅम साखर) खाली राहिला, की आंबतो: झाकण फुगतं, उघडताना फस्स करून फेस वर येतो. प्रत्येक घाण्याचं रिफ्रॅक्टोमीटरचं (ब्रिक्स मोजायचं यंत्र) रीडिंग वहीत लिही आणि ती वहीच घेऊन जा.

खातेवही: रॉयल्टी मागितली तर लगेच मान हलवू नका. ती नफ्यावर नसते, विक्रीवर असते. ३ टक्के ऐकायला किरकोळ, पण ४० लाखांवर १ लाख २० हजार होतात, म्हणजे तुमच्या नफ्यातले ३० टक्के. आणि पडद्यावरचं हस्तांदोलन म्हणजे पैसे नव्हेत. नंतर जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, करार सगळं तपासतात. तिथे अटी बदलतात, सौदे मोडतातही.

रातांबा_कुडाळ: मग २५ लाखांना १० टक्के? निम्मे पैसे तर मे महिन्यात रातांबे रोखीने उचलायलाच लागतात.

खातेवही: अडीच कोटी. अजून चढाच, पण निदान बोलणी होतील. रातांब्यांचे पैसे मात्र यात धरू नका. माल विकला की ते परत येतात, त्यासाठी बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलून फेडायचं कर्ज, असतं. दोन महिन्यांच्या खरेदीसाठी कायमचा हिस्सा कशाला द्यायचा?

झारापकर: आणि आगळ चाखायला देताना पाणी घालूनच दे. नुसतं दिलंस तर मिठाने तोंड वाकडं होईल त्यांचं.