दुर्बिणीसाठी ४ मिमीचा चांगला आयपीस सुचवावा. शिमग्यापूर्वी हवा आहे

सुरूबन (गुहागर)
दुर्बिणीबरोबर आलेला ४ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, अगदीच टाकाऊ निघाला आहे. त्यातून शनी थरथरणाऱ्या पिवळट ठिपक्यासारखा दिसतो, कडी म्हणून जे काही दिसते ती नुसती रेघ असते, आणि प्रतिमा आणखी मोठी करणारे बार्लो भिंग जोडले की काळोखाखेरीज काहीच उरत नाही. शिमग्याला मुंबईची सारी मंडळी घरी येणार असून त्यांना शनी दाखवण्याचे मी कबूल करून बसले आहे. तरी ४ मिमीचाच, परंतु उत्तम प्रतीचा आयपीस कोणता घ्यावा आणि सोबत आणखी काय मागवावे, एवढेच सांगावे. दुर्बीण पाच इंची आहे. ‘आधी द्विनेत्री घ्यायला हवी होती’ हा सल्ला कृपया नको.

खाडीकाठ
पाच इंची म्हणजे आरशाची की भिंगाची? फोकल लेंथ, म्हणजे प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचे अंतर, किती? ती ठाऊक असल्याशिवाय ४ मिमीने किती पट मोठे दिसते हे सांगता येत नाही. तुम्ही चष्मा लावून पाहता का, हेही कळवावे.

कातळसडा
एवढ्या चौकशीची गरज नाही. ८ ते २४ मिमीचा झूम आयपीस घ्यावा आणि मोकळे व्हावे. मी तो वर्षानुवर्षे वापरतो आहे. सड्यावर वारा सुटलेला असताना अंधारात आयपीस बदलत बसण्यापेक्षा एक कडे फिरवणे केव्हाही सोयीचे.

खाडीकाठ
सोयीचे आहे, पण झूम २४ मिमीवर ठेवला की दृष्टिक्षेत्र सुमारे ४० अंशांपर्यंत आक्रसते. नवख्या माणसाला ग्रह शोधताना नेमके तेव्हाच रुंद क्षेत्र हवे असते. त्यापेक्षा ३२ आणि १५ मिमीचे दोन साधे प्लॉसल प्रकारचे आयपीस बरे.

सुरूबन
आरशाची आहे. नळीवर ‘डी १२७, एफ १०००’ असे लिहिले आहे. सोबत २० मिमी, ४ मिमी आणि तीन पटींचा बार्लो आला होता. चष्मा आहे, पण तो काढूनच पाहते. आता तरी आयपीसचे नाव सांगाल का?

निवृत्त मास्तर
नळीची लांबी साधारण किती भरते?

सुरूबन
अर्धा मीटर असेल. त्याचा आयपीसशी काय संबंध?

निवृत्त मास्तर
सगळा संबंध तिथेच आहे. फोकल लेंथ १००० मिमी आणि नळी अर्धा मीटर, म्हणजे फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या सरकत्या नळीत) आधीच एक भिंग बसवलेले आहे आणि तेच बार्लोसारखे काम करते आहे. फोकल लेंथला आयपीसच्या मिमीने भागायचे, म्हणजे ४ मिमीने २५० पट होतात आणि तीन पटींचा बार्लो जोडला की ७५०. १२७ मिमी व्यासाच्या दुर्बिणीची उत्तम हवेतील कमाल मर्यादा सुमारे २५० पट धरतात, आणि मावळतीकडे समुद्रावर झुकलेल्या शनीच्या बाबतीत तेवढेही हाती लागत नाही. ४ मिमीचा कितीही महागडा आयपीस आणलात तरी धूसर प्रतिमाच मोठी होऊन दिसेल. बार्लो पेटीतच राहू द्यावा.

रेघेचा दोषही आयपीसचा नाही. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली. तेव्हापासून ती जवळजवळ कडेनेच दिसत आली आहेत. शिवाय यंदा, २०२६ च्या शिमग्याला, शनी सूर्याच्या इतका जवळ असेल की संधिप्रकाशातच समुद्रात बुडेल. मंडळींना गुरू दाखवावा. तो तेव्हा मिथुन राशीत, रात्रीच्या पहिल्या प्रहरी जवळपास डोक्यावर असेल, आणि त्याचे चार चंद्र तुमच्या २० मिमीतूनही, म्हणजे ५० पटींत, स्पष्ट दिसतील.

भरती ओहोटी
मोबाइल बसवण्याची पट्टी अवश्य घ्यावी. चंद्राची छायाचित्रे फारच सुरेख येतात.

कातळसडा
छायाचित्रांविषयी कोणी विचारलेले नाही. आणि होळी पौर्णिमेलाच असते. पूर्ण चंद्रावर सावल्या पडत नसल्याने विवरे सपाट दिसतात. मंडळी फाल्गुन शुद्ध अष्टमीच्या सुमारास आली तर चंद्र खरा पाहण्यासारखा असेल. वरील हिशोब मान्य केला तरी माझा झूम ४२ ते १२५ पट देतो, म्हणजे याच दुर्बिणीला तो नेमका लागू पडतो, हे खाडीकाठ यांनी लक्षात घ्यावे.

खाडीकाठ
१२५ पटींचे मान्य, ४२ चे नाही. ताई, आधी १५ मिमीचा एकच प्लॉसल घ्यावा. ६७ पट मिळतील. मात्र त्याआधी आरसे एका रेषेत आहेत का ते तपासावे, कारण या रचनेत ती चूक लवकर जाणवते. लेझरच्या उपकरणावर खर्च करू नये. फोकसरमधल्या भिंगामुळे ते फसवे ठरते. तेजस्वी तारा मध्यभागी आणून फोकस किंचित बिघडवावा. प्रकाशाच्या चकतीतली काळी छाया एका बाजूला सरकलेली दिसली, तर आरसा हललेला आहे. यासाठी ध्रुव सोयीचा, कारण तो जागेवरून हलत नाही.

निवृत्त मास्तर
गुहागरहून ध्रुव क्षितिजावर जेमतेम साडेसतरा अंश असतो. तेवढ्या खाली खारी, दमट हवा ताऱ्याला स्थिर राहू देणार नाही. डोक्यावरचा तारा घ्यावा, थोडा मागे सरकला तर पुन्हा मध्ये आणावा.

पाणंद
संचात ‘सूर्यासाठी’ म्हणून आयपीसला लावायची काळी काच आली असेल, तर ती फोडून टाकावी. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकली तर डोळा जातो. सूर्यासाठीचे आवरण नळीच्या तोंडावरच बसवायचे असते. आणि दव पडलेली दुर्बीण लगेच झाकू नये. पडवीत सुकू द्यावी, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करावी. पावसाळ्यात हे केले नाही, तर आपल्याकडे भिंगांवर बुरशी धरते आणि आयपीस कोणत्या प्रतीचा होता हा प्रश्नच उरत नाही.

सुरूबन
काळी काच निघाली, फोडली. ताऱ्याची चकती पाहिली. काळा भाग स्पष्टपणे डावीकडे गेला आहे. १५ मिमीचा प्लॉसल मागवते. आरशाच्या मागे सहा स्क्रू दिसतात. त्यांपैकी कोणते फिरवायचे?

खाडीकाठ
तीन नुसते घट्ट धरून ठेवणारे असतात, ते आधी सैल करावेत. उरलेल्या तिघांपैकी एक पाव फेरा फिरवून पुन्हा तारा पाहावा. छाया आणखी सरकली तर तोच उलट फिरवावा. तिन्ही एकदम फिरवू नयेत.