आरव म्हणजे शांत? आणि धोंडू, पांडुरंग गेले कुठे?

प्रश्न (देवगड)

भावाच्या मुलाचं बारसं पुढच्या आठवड्यात आहे. आत्या मीच, त्यामुळे कानात नाव सांगायचं काम माझं. वहिनीने 'आरव' पक्कं केलंय. मोबाईलवर जिथे बघावं तिथे अर्थ 'शांत' दिलेला आहे. आजी मात्र नाव ऐकल्यापासून पदर तोंडाला लावून हसते आहे. म्हणते, "गे बाय, झिलाचा नाव ठेवतंस काय कोंब्याचा?" म्हणजे मुलाला कोंबड्याचं नाव ठेवतेस काय, असं. खरा अर्थ काय?

जाता जाता दुसरं. आमच्या वाडीत आजोबांच्या पिढीत पांडुरंग, सखाराम, आत्माराम, भिकाजी. बाबांच्या पिढीत सुरेश, रमेश, प्रकाश, विजय. आमच्यात निलेश, संतोष, सचिन. आणि आता अंगणवाडीत आरव, विहान, अद्विक, शिवांश. आडनावं तीच, देव तेच, पहिली नावं मात्र दर पिढीला पार वेगळी. हे कशामुळे होतं?

राजापूर

आजीच्या बाजूने निकाल. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज (कलरव आठवा) आणि 'आरव' म्हणजेही आवाज, ओरडणं. आपलं 'आरवणे' हे क्रियापद त्याच घरातलं. कोंबडा आरवतो तो हाच. 'आवाज नसलेला' असं म्हणायचं तर आधी ऱ्हस्व अ हवा, 'अरव'. 'शांत' हा अर्थ कुणीतरी अ आणि आ यांची गल्लत करून लिहिला असणार आणि मग एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलं.

शांतच हवं असेल तर 'नीरव' आहे. नीरव शांतता म्हणतो ना आपण, तोच. आरवपासून फार लांबही नाही, वहिनी कदाचित ऐकतील.

कुडाळ

आजयेक नमस्कार सांग! पण मी म्हणतंय, ठेवा आरव. झील जन्मल्यापासून गप रवलो तर डॉक्टराकडे न्हेवचो लागात, आरवलेलोच बरो.

आमच्याकडची परीक्षा वेगळी. बावीर, म्हणजे विहिरीर, उभी रवान हाक मारून बघ. पांडुरंगाचो पांडगो झालो, तुकारामाचो तुकलो, शांतारामाचो शांत्या. जा नाव असा मोडता, ता गावात टिकता. अद्विकाचा काय करतलास? आमची म्हातारी 'अदवीक' म्हणता आणि दुसऱ्या दिसापासून 'बाबू'.

श्रीवर्धन

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावच्या भट घराण्यात सापडतं. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ. त्यांच्या वडिलांचं नाव विश्वनाथ, म्हणून थोरल्या मुलाचं नाव विसाजी, म्हणजे विश्वनाथच. तोच पुढे थोरला बाजीराव. आणि बाजीरावाचा मुलगा पुन्हा बाळाजी, आपले नानासाहेब. बाळाजी, विश्वनाथ, बाळाजी. आजोबांचं नाव नातवाला द्यायचं, एवढा एकच नियम. असं चालू असताना नावांची 'फॅशन' बदलणार कशी? दोन-तीन नावं घरातच फिरत राहायची.

गंमत बघा, नियमाने ठेवलेलं नाव तोंडात राहिलंच नाही. विसाजी कुणाला आठवतो? सगळे बाजीरावच म्हणतात.

राजापूर

अगदी. मुद्दा तिथेच आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

पूर्वी एका माणसाला निदान तीन नावं असत. पत्रिकेतलं नावरस नाव, पाळण्यातलं नाव आणि हाकेचं नाव. नावरस नाव अवकहडा चक्रावरून यायचं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ अक्षरं. त्यात आर्द्रेच्या वाट्याला 'ङ' आहे आणि हस्ताला 'ण'. आता 'ण'वरून कुणी काय नाव ठेवणार? म्हणून ते पत्रिकेतच राहायचं, मुंज आणि लग्न जुळवणं यापुरतं. पाळण्यातलं आजोबांचं. पण सुनेने सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, मग स्वतःच्या पोराला ती हाक कशी मारणार? त्यातून बाबू, अप्पा, तात्या, नाना, बाळ. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या केशवला घरात 'बाळ' म्हणत, आणि देशाने त्याला बाळ गंगाधर टिळक म्हणूनच ओळखलं. केशव हे नाव आज सांगावं लागतं.

म्हणजे पाळण्यातल्या नावावर वापराचा भार नव्हता. ते जड असलं, पाच अक्षरी असलं, आळीत तीन जणांचं असलं तरी अडत नव्हतं. मग चाकरमानी मुंबईला गेले. गिरणीत आणि चाळीत सासूसासरे जवळ नाहीत, शाळेच्या दाखल्यावर एकच नाव लागतं, आणि शेजारच्या बिऱ्हाडात सुरेश आणि प्रकाश आहेत. गणपतीला आणि शिमग्याला गावी येताना ट्रंकेतून ही नावंही आली. सुरेश, रमेश, सुनील, शोभा, लता. ही पहिली नावं जी घरातून आली नाहीत. माझ्या मते खरी मोडणूक इथे झाली. आज आरव आणि विहान आले म्हणून उसासे टाकणाऱ्यांना हे लक्षात येत नाही की त्यांचं स्वतःचं 'प्रकाश' हे नावही त्यांच्या आजोबांना असंच परकं वाटलं असणार.

आणि आता तिन्ही नावांचं काम एकाच नावावर पडलंय. पत्रिकेत बसायला हवं, दाखल्यावर शोभायला हवं, हाकेला सुटसुटीत हवं, वर वर्गात दुसऱ्या कुणाचं नको. म्हणून दोन-तीन अक्षरी, स्वरांनी भरलेली नावं. आधी नाद आवडतो, अर्थ मागून शोधतात. 'शिवांश'चा अर्थ निदान कळतो. 'अद्विक' हे 'अद्वितीय'ला ओढूनताणून छोटं केलेलं दिसतं. 'विहान'चा अर्थ सकाळ, पण आपल्याकडे नाही, उत्तरेकडच्या बोलींत सकाळला 'बिहान' म्हणतात तो.

दापोली

प्रश्नात भिकाजी आला म्हणून सांगते. भिकाजी, धोंडू, दगडू, केरू ही गरिबीची नावं नव्हेत. आधीची मुलं गेली असली की पुढच्याला मुद्दाम असं नाव ठेवत, म्हणजे दृष्ट लागू नये, यमालाही वाटावं की हा धोंडा कशाला न्यायचा. महर्षी धोंडो केशव कर्वे आमच्याच मुरुडचे. धोंडोपंत म्हणताना कुणाच्या मनात दगड येत नसे. बाळं जगायला लागली आणि ही नावं गेली. यांच्या जाण्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

बायकांचं तर वेगळंच. त्यांची नावं पिढीगणिक बदलायची वाटच बघावी लागत नसे, लग्नात बदलत. ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं. कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी माहेरच्या गोदूबाई, १८९३च्या पुनर्विवाहानंतर आनंदीबाई झाल्या. आज मुलगी लग्नानंतर माहेरचंच नाव ठेवते, म्हणून आईवडीलही ते निवडायला महिनोन् महिने घेतात.

वेंगुर्ले

आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही हेच. जुने लोक इनास, पेद्रू, आंतोन. सगळी संतांची नावं, पोर्तुगीज वळणाची. नातवंडांत ती ऐकू येत नाहीत.

एक निरीक्षण, नद्यांबद्दल. आमच्या आज्या गंगा, यमुना, गोदावरी, भागीरथी. सगळ्या घाटापलीकडच्या नद्या, पण कोकणातली एक नाही. सावित्री सोडा, ती देवीचं नाव म्हणून. वाशिष्ठी नावाची बाई मी पाहिली नाही. जगबुडीचं तर विचारूच नका, खेडच्या लोकांनी तिच्या पुरात काय काय सोसलंय. फुलांना मात्र मान आहे. केतकी, अबोली, बकुळ सगळ्या पिढ्यांत थोड्या थोड्या असतातच. सुरंगी एवढी वेंगुर्ल्याची, तिचे वळेसर आम्ही केसांत माळतो, पण मुलीला नाव द्यायला कुणी धजत नाही.

कुडाळ

जुनी नावं परत येतत काय, ह्या कोणी सांगूक नाय. येतत, पण निवडून. रमा, मीरा, माधव, राघव, केशव इले. भागीरथी आणि सखाराम अजून फाटकाभायर उभे. लहान आणि गोड असात तेका आत घेतत.

दापोली

देवगडच्या ताईंना एक कामाची गोष्ट. बारशापर्यंत वहिनी आणि आजी यांचं जमलं नाही तरी घाई करू नका. जन्माची नोंद नावाशिवाय होते. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आणि १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम महाराष्ट्रात झालाय. तेव्हा आरव किंवा नीरव ठरवताना वहिनीचं नाव त्याच्या पुढे ठेवून एकदा मोठ्याने वाचून बघा. कागदावर आयुष्यभर ते तसंच जाणार आहे.