मदत हवी आहे: गुडघ्याच्या रिव्हिजनमध्ये (बसवलेला कृत्रिम सांधा बदलताना) कोन, म्हणजे हाडाची पोकळी भरणारा धातूचा शंकू, टँटलमचा की टायटॅनियमचा?

संसर्ग झालेला गुडघा. इम्प्लांट काढून स्पेसर (हाडाच्या सिमेंटचा तात्पुरता सांधा) बसवलाय, 40 ग्रॅम सिमेंटमध्ये अँटिबायोटिक: व्हॅन्कोमायसिन 3 ग्रॅम, सोबत जेंटामायसिन. जंतू स्टॅफ एपिडर्मिडिस. टिबियाचं (नडगीचं) हाड दोन्ही बाजूंनी गेल्यामुळे दुसऱ्या टप्प्यात, नवा सांधा बसवताना, कोन लागणारच.

टँटलमवर संसर्ग कमी उलटतो म्हणतात, पण तो पुरावा बराचसा खुब्याचा. आणि उलटलाच, तर हाडात रुजलेला कोन काढताना उरलंसुरलं हाडही जाईल, ही खरी धास्ती. कायमच्या सिमेंटमध्ये 40 ग्रॅमला 2 ग्रॅमच्या वर औषध नको वाटतं, सिमेंट कमकुवत होतं.

दोन्ही कोन काढायची वेळ ज्यांच्यावर आलीय, त्यांनी सांगा: कोणता कमी हाड घेऊन सुटला? दुसऱ्या टप्प्याआधी अँटिबायोटिक थांबवून किती दिवसांनी सांध्यातलं पाणी तपासता? आम्ही दोन आठवडे थांबतो, कल्चर 14 दिवस ठेवतो.