मांजर आणि गाडीचं वायरिंग
मांजर पाळणं म्हणजे निव्वळ खर्च असं म्हणतात ते मला निम्मंच पटतं, कॅटफूड महाग आहेच, पण उंदरांचा हिशोब कुणी धरलाच नाहीये. सदाशिव पेठेत आमच्या पार्किंगला लागून पडका वाडा आहे, पावसाळा लागला की तिकडचे उंदीर इकडे, आणि उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतच असतात त्यामुळे झिजवायला काहीतरी कुरतडावंच लागतं त्याला, मग गाडीची वायर काय नि गव्हाचं पोतं काय. दोन पावसाळ्यांत वायरिंगचे ११ हजार गेले माझे.

मग जिन्याखालची एक भाटी आईने ठेवून घेतली. तिने उंदीर धरलेला मी एकदाच पाहिलाय, घूस दिसली की बाईसाहेब सोफ्याखाली (!) पण रात्री बॉनेटवर झोपते आणि वायर शाबूत आहे. दूध मात्र बंद केलं, मोठ्या मांजरांना बहुतेकदा पचत नाही ते.