कोल्हापूर पासिंगची जुनी वॅगनआर घ्यावी का? काय काय बघू?

खानापूरकर:
मंडळी, कोल्हापुरात २०१७ ची वॅगनआर बघून आलो. ६२,००० किमी, पांढरी, पॉलिश मारून चकाचक. इथल्या केए २२ (बेळगाव पासिंग) गाडीपेक्षा बरीच स्वस्त सांगतायत. खानापूर-बेळगाव रोजची ये-जा आहे. परवा परत जातोय, काय तपासू?

निपाणीचा गॅरेजवाला:
"मी येईपर्यंत गाडी चालू करू नका" म्हणून विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. बॉनेटवर हात ठेवा, गार असेल तरच स्टार्टर मारा. गरम इंजिन आपली खोड दाखवत नाही बघा. निळा धूर दिसला की ऑइल जळतंय समजा. आणि कोल्हापूरचा २०१९ चा पूर आठवतोय नव्हं? गाडी त्यात बुडालेली नाही ना हे बघायला सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. माझ्याकडं आलेली एक गाडी वरून नवरीसारखी, पण पट्ट्याच्या शेवटच्या वितीवर चिखलाची रेघ! मॅट उचलून सीटखालचा गंजही बघा. दारांची रबरं ओढायला विसरू नका, गाडी नव्यानं रंगवलेली असली तर खाली जुना रंग दिसतो.

टिळकवाडी२२:
स्वस्ताईचं कारण कागदात आहे. कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, घ्यायची. मग इथं कर्नाटकाचा टॅक्स भरून नवा नंबर. तो खर्च धरूनच भाव करा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (कर्ज फिटल्याचा बँकेचा कागद) हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

खानापूरकर:
जाऊन आलो. बॉनेट गरम. "आत्ताच दूध आणलं" म्हणे, दुपारी तीनला! बेल्ट स्वच्छ होता, पण डाव्या दाराच्या रबराखाली लाल रंग. चहा पिऊन परतलो. केए २२ मधली कुणाची असेल तर सांगा की.