रेड-१ केलंय तरी एक डिस्क काढली की मशीन बूटच होईना

उद्यमनगरी:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप हाय. व्हीएमसी मशीनचे प्रोग्रॅम, ड्रॉइंग, बिलं सगळं एका जुन्या पीसीवर सांबा (फाइल शेअरिंग) लावून ठेवलंय. गेल्या वर्षी हार्ड डिस्क गेली आणि चार दिवस कामं खोळंबली, पार्टीचे फोन घेऊन कान लाल झाले. म्हणून यंदा १ टीबीच्या दोन डिस्क आणल्या आणि डेबियन १२ (लिनक्स) टाकतानाच इन्स्टॉलरमधनं रेड-१ केलं, म्हणजे एकच डेटा दोन्ही डिस्कवर, एकमेकीचा मिरर. एमडीस्टॅटमध्ये, म्हणजे रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये, कंसात यू यू (दोन्ही डिस्क चालू) दिसलं, म्हटलं झालं काम. काल सुट्टी होती म्हणून मशीन बंद करून पहिल्या डिस्कची साटा केबल काढली आणि चालू केलं, तर काळा स्क्रीन, बूट डिव्हाइस नाही म्हणतंय. केबल परत लावली की बरोबर चालू. मग उलटं करून बघितलं, दुसरी काढली, तर निवांत चालू झालं! म्हणजे सगळा भार पहिलीवरच, मग मिररचा उपयोग काय? दुकानदार म्हणतोय डिस्क बदलून देतो, पण डिस्क खराब हाय असं मला वाटत नाही.

रंकाळ्याचा_वारा:
डिस्क बदलू नका, डिस्क चांगली आहे. बायोस सेटिंगमध्ये बघा, बूट करायची पद्धत यूईएफआय (नवी) आहे का लेगसी (जुनी)?

उद्यमनगरी:
यूईएफआय.

रंकाळ्याचा_वारा:
मग हेच होणार. मदरबोर्डच्या फर्मवेअरला लिनक्सचं रेड कळत नाही, त्याला फक्त एक छोटं फॅट-३२ पार्टिशन कळतं, ईएसपी म्हणतात त्याला, आणि त्यातली बूटलोडरची (लिनक्स चालू करणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल. तुमचा मिरर आहे तो रूटचा, म्हणजे लिनक्स असलेल्या मुख्य पार्टिशनचा. ईएसपी त्या मिररच्या बाहेर असतं आणि डेबियनचा इन्स्टॉलर ते एकाच डिस्कवर भरतो. म्हणजे घराला दोन भिंती बांधल्या पण दार एकाच भिंतीला ठेवलं.

आता दुसऱ्या डिस्कवर पार्टिशन रिकामं आहे का बघा. इन्स्टॉल करताना दोन्ही डिस्क सारख्या कापल्या असतील तर असणार. ते फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, बूट/ईएफआय२ असा फोल्डर करून तिथं ते माउंट करा (जोडा), पहिल्या ईएसपीतलं सगळं आरसिंकनं (कॉपी करायची कमांड) त्यात ओता. मग ईएफआयबूटएमजीआर कमांड वापरून दुसऱ्या डिस्कच्या नावानं वेगळी बूट एंट्री करा. काही बोर्ड बायोस रीसेट झाला की एंट्री विसरतात, म्हणून ईएफआय/बूट फोल्डरमध्येही बूटलोडर टाकून ठेवा, ग्रब (हाच तो बूटलोडर), त्याच्या ग्रब-इन्स्टॉलला रिमूव्हेबल ऑप्शन दिला की तिथंच जातो. (कमांडी मराठीत लिहितोय, मारताना इंग्रजीत मारा, नाहीतर मला शिव्या.)

लेगसी असतं तर सोपं होतं, ग्रब-इन्स्टॉल दोन्ही डिस्कवर एकेकदा मारलं की संपलं.

तांबडा_रस्सा:
वरचं सगळं बरोबर, पण थांबा जरा. मालक, तुम्ही दुसरी डिस्क काढून मशीन चालू केलंत ना? मग परत जोडल्यावर एमडीस्टॅट बघितलं का? आत्ताच्या आत्ता बघा.

उद्यमनगरी:
आयला. यू आणि पुढं नुसती रेघ.

तांबडा_रस्सा:
वाटलंच. कालपासून तुम्ही एकाच डिस्कवर चाललाय. काढलेली डिस्क परत लावली की ती आपोआप मिररमध्ये येत नाही, तिच्यावरचा डेटा शिळा झालेला असतो म्हणून एमडी (लिनक्सचं रेड) तिला बाहेरच ठेवतो. एमडीएडीएम कमांडनं री-ॲड करा, बिटमॅप (काय बदललं याची नोंद) असेल तर फरक तेवढाच लिहून मिनिटांत होईल. नसेल तर अ‍ॅड मारा, मग अख्खी १ टीबी घासायला दोन-तीन तास लागतील. रीसिंक (डेटा परत सारखा करणं) संपून यू यू आल्याशिवाय चालू असलेल्या डिस्कला हात लावायचा नाही. एकदा हिच्यावर, एकदा तिच्यावर चालवलं की दोघींवर वेगवेगळा डेटा बसतो आणि खरी कुठली ते तुम्हालाच ठरवावं लागतं. माझ्या ऑफिसात एकानं हे केलंय, दोन महिन्यांची बिलं गेली.

अजून एक, डिस्क काढली की लिनक्समधली नावं बदलतात, एसडीबी होती ती एसडीए होते. सीरियल नंबर स्टिकरवर लिहून डिस्कवर चिकटवा.

रंकाळ्याचा_वारा:
भावा लई बारीक पकडलंस, माझ्या डोक्यात पण आलं नाही.
मालक, एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली पार्टिशनं जोडायची त्याची यादी) ईएसपीच्या दोन्ही ओळींना नोफेल (नसेल तर पुढं जा) टाका, नाहीतर डिस्क नसली की सिस्टमडी (बूट सांभाळणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो आणि तुम्ही म्हणणार परत तेच. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) पण मिररवरच आहे ना बघा. आणि ग्रबचा अपडेट आला की दुसरं ईएसपी जुनंच राहतं, तेव्हा आरसिंक परत मारायचा किंवा ग्रब.डी फोल्डरमध्ये दोन ओळींची स्क्रिप्ट टाकायची.

शाहूपुरी_४था_मजला:
मी ईएसपीच रेड-१ मध्ये घातलंय, मेटाडेटा १.० घेतला. त्यात रेडची माहिती पार्टिशनच्या शेवटी जाते, त्यामुळं फर्मवेअरला ते साधं फॅटच दिसतं. कॉपीची कटकट नाही.

तांबडा_रस्सा:
चालतं, पण फर्मवेअरनं स्वतः त्यात काही लिहिलं तर ते एकाच डिस्कवर जातं आणि एमडीला पत्ता नसतो. मी तरी करत नाही.

शाहूपुरी_४था_मजला:
बरं. पण मालक, बॅकअप घेता का नाही? २०१९ ला पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा आमचं दुकान तळमजल्यावर होतं, दोन्ही डिस्क पीसीच्या एकाच डब्यात, दोन्ही एकदमच पाण्यात गेल्या. डब्यात चार असत्या तर चारही गेल्या असत्या. तेव्हापासनं एक डिस्क रोज रात्री घरी जाते, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतनं.

उद्यमनगरी:
मंडळी, झालं! री-ॲडला बिटमॅप होता, सात मिनिटांत यू यू. दुसरं ईएसपी भरलं, एंट्री केली, नोफेल टाकलं. संध्याकाळी कामगार गेल्यावर पहिलीची केबल काढली, चालू झालं. परत लावली, री-ॲड, यू यू येईपर्यंत चहा घेतला, मग दुसरी काढली, तरी चालू. स्टिकर पण लावले, एकावर 'थोरली' आणि दुसरीवर 'धाकटी', खाली सीरियल नंबर. बॅकअपची डिस्क उद्या आणतो, दुकानदार आता बदलून द्यायचं बोलतच नाही.