आयपीव्ही६ ला १ जानेवारी १९८३ सारखी अखेरची तारीख द्यायला हवी होती

तिसरा थर

१ जानेवारी १९८३ ला अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी नेटवर्कने एनसीपी हा जुना प्रोटोकॉल (यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम) सोडून आजचं टीसीपी/आयपी घेतलं. आराखडा वर्षभर आधीच सगळ्यांच्या हातात होता: जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये आरएफसी ८०१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) लिहून जानेवारी ८२ ते जानेवारी ८३ मधले टप्पे ठरवून दिले होते. नुसत्या सूचनेने कोणी हलत नाही हेही ओळखलेलं होतं. म्हणून १९८२ च्या मध्यात एक पूर्ण दिवस, आणि वर्षाच्या शेवटाकडे दोन दिवस, एनसीपी मुद्दाम बंद ठेवलं गेलं. ज्यांनी काम लांबणीवर टाकलं होतं त्यांची यंत्रं त्या दिवशी मुकी झाली आणि तारीख खरी आहे हे त्यांना पटलं.

आता आयपीव्ही६ पाहा, म्हणजे आयपीव्ही४ चे ३२ बिटांचे पत्ते अपुरे पडतात म्हणून आणलेली १२८ बिटांच्या पत्त्यांची आवृत्ती. पहिलं तपशीलपत्र, आरएफसी १८८३, डिसेंबर १९९५ चं. पत्ते वाटणाऱ्या आयाना या मध्यवर्ती संस्थेकडचे आयपीव्ही४ पत्त्यांचे शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. आणि आजही गूगलच्या मोजणीत आयपीव्ही६ वरून येणारे वापरकर्ते साधारण निम्म्याच्या आसपास.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. "दोन्ही शेजारी शेजारी चालवा" असं सांगितलं, पण जुनं बंद कधी करायचं ते सांगितलंच नाही. ड्युअल स्टॅकमध्ये, म्हणजे दोन्ही एकत्र चालवताना, फायरवॉलचे नियम दोनदा लिहायचे, राउटिंग दोनदा सांभाळायचं, बिघाड दोनदा शोधायचा. एवढं करूनही प्रत्येक यंत्राला आयपीव्ही४ चा पत्ता लागतोच, म्हणजे ज्या टंचाईसाठी हा खटाटोप केला ती जागच्या जागी. अखेरची तारीख असती तर हा दुहेरी भार कधीतरी उतरला असता.

मार्गिका

साफ असहमत. १९८३ ची तुलनाच चुकीची आहे.

यजमान यंत्रांची, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या संगणकांची, नोंद मे १९८२ मध्ये २३५ होती, ऑगस्ट १९८३ मध्ये ५६२. नेटवर्कचा मालक एकच, अमेरिकेचं संरक्षण खातं. पाकिटं पुढे नेणारे आयएमपी म्हणजे एकाच कंपनीने घडवलेले, एकाच ठिकाणाहून सांभाळले जाणारे मिनीकॉम्प्युटर. प्रत्येक संदेशाच्या अग्रभागात एक लिंक क्रमांक असे. आयपीचा होता १५५, एनसीपीचे वेगळे. आयएमपींना "हे क्रमांक स्वीकारू नका" एवढं सांगितलं की एनसीपी सगळीकडे एकदम बंद. बंद करायचं बटण खरोखरच कोणाच्या तरी हाताखाली होतं.

आज स्वायत्त, म्हणजे आपला कारभार आपणच पाहणारी, नेटवर्कंच ७० हजारांच्या वर आहेत. तारीख जाहीर करणार कोण, आणि न पाळणाऱ्याचं काय करणार? शिवाय जो पहिल्यांदा आयपीव्ही४ बंद करील, त्याचाच ग्राहक अर्ध्या जगाला मुकेल. तारीख पाळणाऱ्याला शिक्षा आणि मोडणाऱ्याला काहीच नाही, अशी तारीख टिकत नाही.

जोडतार

दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट निसटते आहे. १९८३ चा बदल एका रात्रीचा नव्हताच. आरएफसी ८०१ वाचलं तर त्याचा बराचसा भाग रिले यंत्रांवर आहे, म्हणजे जी एनसीपी आणि टीसीपी दोन्ही बोलतात त्यांच्यावर.

टेलनेटसाठी, म्हणजे दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्यासाठी, रीत अशी: आपल्या यंत्रावरून रिलेवर लॉगिन करायचं, तिथून दुसरं टेलनेट उघडून पलीकडच्या यंत्रावर जायचं. फाइल पाठवायची तर आधी रिलेवर उतरवायची आणि तिथून पुन्हा पुढे, म्हणजे रिलेवर खातं हवं, जागाही हवी. ईमेलचं दुखणं सगळ्यांत मोठं होतं, कारण एनसीपीच्या काळात टपाल फाइली पाठवणाऱ्या एफटीपीच्याच आज्ञांमधून जाई. नव्या बाजूला टपालासाठी वेगळं एसएमटीपी आलं, ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२१ ने त्याला पक्कं रूप दिलं. म्हणजे वाहतुकीचा प्रोटोकॉल बदलतानाच टपालाचाही बदलला. दोन्ही बाजूंची टपालं जुळवणारी यंत्रं मध्ये नसती तर १९८२ भर निम्मं नेटवर्क दुसऱ्या निम्म्याला पत्रच पाठवू शकलं नसतं. आणि तारीख उलटल्यावरही काही यंत्रांना काही महिने सवलत होती.

तेव्हा १ जानेवारी हा ड्युअल स्टॅकच्या एका वर्षाचा शेवटचा दिवस होता. या मुद्द्यावर मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे: त्यांच्याकडे शेवट होता, आपल्याकडे नाही.

जाता जाता, सगळ्यांनी एकदम बदलायच्या अशा तारखेला "फ्लॅग डे" म्हणतात, तो शब्द याहून जुना आहे. मल्टिक्स या जुन्या संगणक प्रणालीत अक्षरसंचाची व्याख्या बदलायची ठरली, तो दिवस १४ जून १९६६, अमेरिकेचा ध्वजदिन. तिथून सगळ्यांनी एकदम करायच्या बदलाला हे नाव चिकटलं.

शून्य बाइट

मूळ चूक तारखेची नाही, विसंगत प्रोटोकॉल निवडण्याची आहे. आयपीव्ही४ चाच पत्ता लांब केला असता तर हा प्रश्न आलाच नसता.

जोडतार

@शून्य बाइट, आला असता. आयपीव्ही४ च्या हेडरमध्ये, म्हणजे पाकिटाच्या अग्रभागात, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता यांना नेमके ३२-३२ बिट आहेत. नव्या यंत्राने ६४ बिटांच्या पत्त्यावरून जुन्या यंत्राला पाकीट पाठवलं, तर उत्तर देताना जुनं यंत्र तो पत्ता लिहिणार कुठे? ३२ बिटांच्या बाहेर पाऊल टाकलं की जुन्या यंत्राला नव्याशी बोलायला मध्ये दुभाषा लागतोच, नव्या पत्त्याची लांबी ३३ बिट असो वा १२८.

नामपट

"आज तारीख शक्यच नाही" हे @मार्गिका यांचं विधान मला मान्य नाही, कारण तारखा पाळल्या गेल्या आहेत. १ फेब्रुवारी २०१९ चा डीएनएस फ्लॅग डे घ्या (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा).

अडचण अशी होती. ईडीएनएस हा डीएनएसचा विस्तार १९९९ पासूनचा. पण काही जुने सर्व्हर आणि फायरवॉल ईडीएनएसची विचारणा आली की उत्तरच देत नसत, "समजलं नाही" असंसुद्धा नाही. रिझॉल्व्हर, म्हणजे वापरकर्त्याच्या वतीने नाव विचारणारा सर्व्हर, थोडा थांबून ईडीएनएस काढून पुन्हा विचारी. ही मलमपट्टी इतकी वर्षं चालली की प्रत्येक हरवलेल्या पाकिटामागे शंका: सर्व्हर जुना आहे की नुसतं पाकीट गळलं? त्या शंकेपायी जगभरच्या विचारणा रेंगाळत. मग बाइंड, अनबाउंड, पॉवरडीएनएस आणि नॉट हे मुक्त रिझॉल्व्हर बनवणारे आणि मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हर सेवा एकत्र आल्या. त्यांनी एका तारखेपासून मलमपट्टी काढायचं ठरवलं: उत्तर नाही तर सर्व्हर मेला असं समजायचं. आधी तपासणीचं पान दिलं, आपलं डोमेन टाकून पाहायला. तारीख आली, गेली, नेटवर्क चालू राहिलं.

पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर २०२० ला, यूडीपी या आधी जोडणी न करता पाकीट धाडायच्या पद्धतीवरच्या डीएनएस उत्तराचा आकार १२३२ बाइटांवर आणायचं ठरलं. तो आकडाही आयपीव्ही६ मधूनच येतो: एमटीयू, म्हणजे तारेवर मावणारं मोठ्यात मोठं पाकीट, किमान १२८०, त्यातून हेडरचे ४० आणि यूडीपीचे ८ वजा.

दुसरा दाखला ॲपलचा. १ जून २०१६ पासून ॲप स्टोअरवर येणारं ॲप केवळ-आयपीव्ही६ नेटवर्कवर चाललंच पाहिजे, ही अट. ज्या ॲपमध्ये १९२.०.२.३३ असा पत्ता थेट कोडमध्ये लिहिलेला, ते अडकलं. कारण अशा नेटवर्कवरून आयपीव्ही४ च्या यंत्रापर्यंत पोचायला डीएनएस६४ नाव विचारल्यावर ३२ बिटांचा पत्ता ९६ बिटांच्या ठरलेल्या उपसर्गामागे जोडून देतं आणि नॅट६४ हा दुभाषा त्यावरून पाकीट पलीकडे पोचवतो. नावच विचारलं नाही तर जोडायला वावच नाही. सगळ्या जगाचा मालक कोणी नसला, तरी दरवाजे मोजकेच असतात. त्या दरवाज्यांवर तारीख लावता येते.

मार्गिका

@नामपट, दाखले उत्तम, पण दोन्ही ठिकाणी तुटलेलं दुरुस्त करण्याचा खर्च ज्याचा त्याने सोसला. डीएनएस सर्व्हरची आवृत्ती बदलणं आणि लाखो ग्राहकांच्या घरातले राउटर बदलणं यात फार अंतर आहे.

आणि तारखेच्या दिवशी नेमकं काय तुटतं तेही पाहू या. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पाकीट तोडत नाही. पाकीट पुढच्या तारेपेक्षा मोठं असेल तर तो ते टाकून देतो आणि आयसीएमपीव्ही६ या अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा प्रकार २, "पाकीट फार मोठं", असा निरोप मागे धाडतो. आयपीव्ही४ च्या सवयीने कोणी फायरवॉलवर सगळं आयसीएमपी अडवलं असेल तर तो निरोप पोचत नाही. लक्षण फसवं असतं: पिंग चालतं, टीसीपीची जोडणी होते, कारण ती पाकिटं लहान. सर्व्हर प्रमाणपत्र पाठवू लागला, म्हणजे पहिली मोठी पाकिटं निघाली, की सगळं ठप्प. १४८० एमटीयूच्या बोगद्यावर (टनेलवर) एमएसएस, म्हणजे टीसीपीच्या एका पाकिटातल्या मजकुराची कमाल लांबी, १४२० ला बांधला (१४८० वजा हेडरचे ४० वजा टीसीपीचे २०) की टीसीपीपुरतं सुटतं. खरा उपाय मात्र प्रकार २ सोडणं हाच.

तिसरा थर

हे बिघाड खरे आहेत, पण माझ्या मते ते लपून राहिले म्हणूनच इतके जगले. ८ जून २०११ ला गूगल, फेसबुक, याहू यांनी २४ तास डीएनएसमध्ये आपल्या नावांना आयपीव्ही६ पत्त्यांच्या नोंदी लावल्या आणि दुसऱ्या दिवशी बहुतेकांनी काढून घेतल्या. ती १९८२ सारखी रंगीत तालीम होती. ६ जून २०१२ पासून नोंदी कायमच्या झाल्या. दरम्यान "हॅपी आयबॉल्स" आलं: ब्राउझर आधी आयपीव्ही६ करून पाहतो, आरएफसी ८३०५ प्रमाणे २५० मिलिसेकंदांत जोडणी झाली नाही तर आयपीव्ही४ ही सुरू करतो, जे आधी जुळेल ते घेतो. वापरणाऱ्याला दिलासा मिळाला, हे मान्य. त्याआधी तुटक्या आयपीव्ही६ वर पान उघडायला २० सेकंदांहून जास्त लागू शकत. पण तक्रारच थांबली, आणि तक्रारीविना कोणी तुटकी वाट दुरुस्त करत नाही.

जगभरासाठी एक तारीख ठेवणारा मालक नाही हे @मार्गिका यांचं म्हणणं मी स्वीकारतो. मग प्रत्येक नेटवर्कने आपली तारीख ठरवावी. साधन आहे: यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीचा पर्याय १०८, आरएफसी ८९२५, ऑक्टोबर २०२०. यंत्र त्याच्या मागणीच्या यादीत १०८ घालतं, म्हणजे "मला आयपीव्ही४ शिवाय चालतं". सर्व्हर तो पर्याय परत देतो आणि यंत्र आयपीव्ही४ पत्ता घेतच नाही. जुना प्रिंटर १०८ मागत नाही, त्याला पत्ता मिळतो. मागणी करणाऱ्यांची संख्या मोजत राहायची आणि उरलेल्यांची यादी संपवायची.

मार्गिका

याला माझा विरोध नाही. फक्त क्रम उलटा करू नका: आधी नॅट६४ आणि डीएनएस६४ उभं करून आतून तपासा, मगच १०८ लावा. आणि सोबत जाणारी सेकंदांची मुदत सुरुवातीला कमीत कमी चालणारी, म्हणजे ३०० च, ठेवा. त्या मुदतीत यंत्र पुन्हा आयपीव्ही४ मागायला येत नाही, त्यामुळे चूक झालीच तर पर्याय काढल्यावर पाच मिनिटांत सगळे परत येतात. एक दिवसाची मुदत देऊन बसलात तर सर्व्हरवर दुरुस्ती होऊनही यंत्रं दिवसभर तशीच अडकलेली दिसतील.